चेहऱ्याला हात लावायचा नाही

ज्या कॉलेजात मी इंजिनिअरिंग केलं तिथेच आता शिकवतो. दर वर्षी जानेवारी उजाडला की इयरबुकची पोरं माझ्या केबिनबाहेर येऊन उभी राहतात. खांद्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यापेक्षा मोठा आत्मविश्वास. "सर, टिप्स द्या ना." मी देतो. ट्यूबलाइटखाली कुणाला बसवू नका, खिडकीशी बसवा. चष्मेवाल्याला मान किंचित खाली घ्यायला सांगा, नाहीतर त्याच्या डोळ्यांऐवजी खिडकीच छापून येईल. 'स्माइल' म्हणून ओरडू नका, सगळा वर्ग दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. आवडत्या मुलीला दहा मिनिटं आणि बाकीच्यांना अर्धं, असं करू नका. पोरं हसतात आणि मोबाइलवर टिपून घेतात.

मग मी सांगतो, की चेहऱ्याला हात लावायचा नाही. आठवड्यात जाणारी पुटकुळी काढा हवं तर. तीळ, व्रण, डाग, वाकडा दात, सगळं राहू द्या. इथे हमखास कुणीतरी विचारतं, "पण सर, त्यांना बरं वाटेल ना?" "त्यांनी सांगितलंय का तुम्हाला?" असं खेकसून मी दार दाखवतो. सर खडूस आहेत म्हणतात. आहेच मी. पण खरं कारण त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण त्यात मी फार वाईट दिसतो.

आमच्या शेवटच्या वर्षी इयरबुकचे फोटो माझ्याकडे होते. सेमिनार हॉलमध्ये खिडकीशी एक स्टूल, मागे निळा पडदा, आणि रोल नंबरप्रमाणे एकेक जण. वर्गात एक मुलगी होती. वारज्याला राहायची, घरचे मूळचे अमरावतीकडचे. तिच्या अंगावर कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला, हनुवटीवर, दोन्ही हातांवर. बारावीत सुरू झालं म्हणे. वर्गाच्या एकाही फोटोत ती नसायची. गॅदरिंग असो की ट्रिप, कुणाचा मोबाइल वर झाला की हिला नेमकी तहान लागायची. त्या दिवशी मात्र ती आपणहून आली, स्टुलावर ताठ बसली आणि म्हणाली, "बारावीनंतर पहिल्यांदाच बसतेय. डाव्या बाजूने काढ."

डाग डाव्या बाजूलाच जास्त होते. बिचारीला आपली चांगली बाजूसुद्धा ठाऊक नाही, असं माझ्या मनात आलं. तिने सांगितला तसा फोटो काढला, घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि तिचे डाग पुसायला बसलो.

बाकीच्यांच्या फोटोंवर मी पाच मिनिटंही घालवली नव्हती. तिच्यावर रविवारची सबंध दुपार घालवली. उजव्या गालाचा रंग उचलून डावीकडे भरला, पापणीजवळचा भाग तर किती वेळा केला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की तिला विचारायचं डोक्यातही आलं नाही. शनिवार पेठेतल्या प्रेसमध्ये फाइल घेऊन गेलो तेव्हा तिथल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चेहरा एकीचा आणि हात दुसरीचा, अशी नवीन पद्धत आहे का आपल्याकडे?" फोटोत गुडघ्यावर ठेवलेला तिचा हात होता, तो राहूनच गेला होता. जरा अक्कल असलेला माणूस तिथे थांबला असता. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून हातही रंगवला. घरी मूळ फोटोवरच काम केलं होतं, वेगळी प्रत ठेवली नव्हती. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुढच्या वर्गासाठी कधीच पुसलं होतं.

इयरबुक वाटलं त्या दिवशी ती आभार मानायला येईल म्हणून कॅन्टीनमध्ये मी मुद्दाम दारासमोरच्या टेबलावर बसलो. ती आली, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. हसत म्हणालो, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

"मी सांगितलं होतं?"

"नाही, पण..."

"ओरिजिनल दे."

ओरिजिनल नव्हता. तसं सांगितलं तेव्हा तिने इयरबुक मिटलं. मी म्हणालो, परत काढू, दोन मिनिटांचं काम आहे. "दोन मिनिटांचं?" ती म्हणाली. "मला चार वर्षं लागली त्या स्टुलावर बसायला." इयरबुक तिथेच टाकून ती गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढी मेहनत केली आणि वर हे, असं मी मित्रांना सांगतही सुटलो.

आठवड्याने तिच्या आईचा फोन आला. टाकून गेलेलं इयरबुक कुणा मैत्रिणीने घरी पोचवलं होतं, माझा नंबरही तिच्याकडूनच मिळाला असावा. "बाबू, थो फोटो तूच काढला काय? माय, किती सुंदर दिसून राहिली माही पोरगी! मले मोबाइलवर पाठवून देजो नं. पाहुण्यायले दाखवाले लागते."

पाहुणे म्हणजे स्थळ, हे मला कळलं होतं. फोटो कशाला हवाय आणि तो बघून येणारी माणसं काय बघायला येणार, हेही कळलं होतं. तिला एक फोन करून विचारता आलं असतं. पण पोरीने केलं नव्हतं ते कौतुक आईने केलं होतं आणि मी त्याला हपापलो होतो. फोन ठेवल्या ठेवल्या फोटो पाठवला. लेकीला तो फोटो नकोय, हे एका शब्दाने सांगितलं नाही.

नंतर ती भेटली ती मार्कशीट घ्यायला आलो तेव्हा, ऑफिसच्या खिडकीसमोरच्या रांगेत. माझ्या पुढेच उभी होती. मी कशीबशी विचारपूस केली. तिने वळून पाहिलं आणि एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसं सांगितलं, की गेल्या रविवारी लोक आले होते. मुलगा हिंजवडीत नोकरीला. ती पाणी घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आत्याच्या हातात मोबाइल होता. तिने मोबाइलकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

"आणि मग अगदी गोड आवाजात विचारलं, ही धाकटी का? मोठी कुठे आहे?"

तिला बहीण नाही, एकुलती एक आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. रांग पुढे सरकली. मी विचारलं ते एवढंच.

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, मोठी बाहेर गेलीय. आणि मला म्हणाली, तू आत जा."