वाफेच्या इस्त्रीला पाजलेली कांजी

आधी मावशींचं सांगते, मग इस्त्रीचं. कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाड्यावर कोळशाची इस्त्री करतात, त्या मावशी. माझ्या नात्याच्या नाहीत, गावच्याही नाहीत. माझं माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. नवऱ्याला इथं फाउंड्रीत काम लागलं म्हणून आम्ही आलो. सुरुवातीला इथली माणसं बोलायला लागली की मला वाटायचं, भांडतायत. मावशींनी पहिल्यांदा हाक मारली, "ए पावणीबाई, खाली मान घालून कुठं पळतीस?" तेव्हासुद्धा मी घाबरले, की आपलं काय चुकलं.

माझी शाळा सातवीत सुटली. शिवण तेवढं हाताला आहे. जुन्या साड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवते. इकडं गोधडीला वाकळ म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात शाहूवाडीकडच्या एक अंगणवाडीच्या बाई चार लुगडी घेऊन आल्या. त्यांच्या आईची. आई वर्षापूर्वी गेल्या, आणि आता बाईंच्या लेकीला मुलगी झाली होती. बारशाला पणजीच्या लुगड्यांची वाकळ घालायची होती. त्यातलं एक इरकली, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की हातावर घेतलं तरी वजन कळू नये. बाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जपून हं. आईचं म्हणून एवढंच ऱ्हायलंय."

झालं, माझी झोप उडाली. तुकडे जोडायचे तर प्रत्येक शिवण दाबून सपाट करावी लागते, नाहीतर कोपऱ्याला कोपरा बसत नाही. आणि माझी जुनी इस्त्री लहरी. बटण कुठंही ठेवा, कधी गार, कधी एकदम कढत. त्याच आठवड्यात तिनं माझी ओढणी जाळली होती. ओढणीच्या जागी ते इरकली असतं तर?

मी तुकडे घेऊन मावशींकडं गेले. "तुमच्या इस्त्रीनं एवढं दाबून द्याल का?"

"अजिबात न्हाय," मावशी म्हणाल्या. "माझ्यात निखारं हायत. एक ठिणगी उडाली की म्हातारीचं लुगडं गेलं. तू वाफंची घे."

"मला त्यातलं कळत नाही हो मावशी."

"मला तरी कुठं कळतंय? पण इस्त्री मला फसवू शकत न्हाय."

गाडा मालकांवर, म्हणजे त्यांच्या नवऱ्यावर, सोपवून त्या माझ्याबरोबर बाजारात आल्या. दुकानदारानं मला बघून गुलाबी इस्त्री काढली. "वहिनी, ही न्या. रंग बघा."

"रंग काय भिंतीला लावायचाय व्हय? पालथी कर," मावशी म्हणाल्या. त्यांनी वाफेच्या भोकांवरून बोट फिरवलं. "टोकाला भोकंच न्हाईत. शिवणीच्या कोपऱ्यात टोकच जातंय, ते कोरडं ऱ्हाऊन कसं चालंल? आता पाणी भरून लाव."

"मावशी, वापरलेला पीस मग कोण घेणार?"

"दाखवायचा असंल की एक. का नुसती खोकी विकतोस?"

दुकानदार हसला आणि त्यानं एकेक लावून दाखवली. मावशी बटण मुद्दाम कमी तापावर ठेवायच्या, गळकी इस्त्री तेव्हाच गळते म्हणून, आणि खाली स्वतःचा रुमाल धरायच्या. गुलाबीचं नाक लगेच गळलं. "हिला सर्दी झालीया. दुसरी काढ." तिसरी गळली नाही. अंगानं जड, वायर लांब, उभी करून ठेवली तरी ठिपका नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण मावशींचं समाधान झालं नव्हतं. मला तिथंच उभं करून त्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडं गेल्या. परत आल्या त्या सांगतच, "ही जड वर्षातनं एखादी येती म्हणं. गुलाबी रोज येती. बांध ही."

निघताना एकच बजावलं. "पैल्यांदा चिंधीवर फिरव. लुगड्याला लावू नगंस."

घरी आल्यावर मी माझी अक्कल लावली. माहितीचा कागद इंग्रजीत होता. त्यात कपानं पाणी ओतायचं चित्र तेवढं मला कळलं. आमच्याकडं आई तुकड्यांवर भाताची कांजी शिंपडायची, मग तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडानं शिवण दाबायची. तुकडा कडक झाला की सरळ जुळतो. मी विचार केला, इस्त्री आपणहून पाणी सोडते, तर पाण्याऐवजी कांजीच का घालू नये? शिंपडायचं काम वाचेल. स्वतःवर खूश होऊन कांजी दोनदा गाळली आणि टाकीत भरली.

चिंधी आधी छान कडक झाली. मग इस्त्री खोकल्यासारखी फुसफुसली आणि चिंधीवर तपकिरी थेंब पडले. करपलेल्या भाताचा वास. मी बटण बंद केलं. इस्त्री गेली याचं वाईट वाटलंच, पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. मावशींनी बजावलं नसतं तर मी पहिल्यांदा इरकलीच घेतलं असतं. घाईच तेवढी होती.

इस्त्री टॉवेलात गुंडाळून मी मावशींसमोर उभी राहिले. सगळं ऐकून त्या अशा हसल्या, की चार घरांची दारं उघडली. "इस्त्रीला पेज पाजलीस व्हय गं? बाळंतीण हाय का ती?" मलाही हसू फुटलं, रडता रडता. मग आम्ही दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं साधं पाणी भरून, तापवून, हलवून, ओतून, पुन्हा भरून टाकी धुतली. शेवटी वाफ पांढरी आली. "आत फकस्त फिल्टरचं पाणी. बोअरचं न्हाय. कांजी बाहेरनं," तो म्हणाला.

त्याच दिवशी मावशी माझ्या खोलीवर आल्या. चिंधी दोनदा दाबून झाली, डाग नाही. मग त्यांनी इरकलीचा तुकडा पसरला आणि सवयीनं इस्त्री सर्रकन ओढायला घेतली. मी त्यांचं मनगट धरलं. अशी हिंमत माझ्यात कुठून आली, माहीत नाही.

"मावशी, ओढू नका. तुकडा तिरका ताणला जातो. ठेवायची आणि उचलायची."

"कुणी शिकवलं?"

"आईनं. तांब्यावर."

"आता मला शिकवाय लागली ही!" मावशी म्हणाल्या, आणि इस्त्री ठेवून उचलली. शिवण कागदासारखी बसली.

बारशाच्या आदल्या दिवशी बाई आल्या. त्यांनी वाकळ उलगडली, इरकलीचे काठ बरोबर शोधून काढले आणि गालाला लावले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. मी आईला फोन करून सगळं सांगितलं. कांजीचंसुद्धा.

मावशींना काही द्यावं म्हटलं तर त्या ऐकत नाहीत. पण मी बघून ठेवलंय. त्यांच्या गाड्यावर इस्त्रीखाली एक पोतं आहे, त्यावर ठिकठिकाणी जळालेलं घोंगडं, त्याला गाठी पडलेल्या. त्या गाठी चुकवत त्या दिवसभर मनगट वाकडं करून इस्त्री ओढतात आणि संध्याकाळी मनगट चोळत बसतात. मी जाड सुती लुगडी बाजूला काढायला लागलेय. एक दिवस, मावशी, तुमच्या गाड्याच्या मापाची, एकही गाठ नसलेली, जाडजूड वाकळ मी तुम्हाला शिवून घालणार आहे. शिवणी सगळ्या ठेवून-उचलून बसवलेल्या असतील.