पाटावरची वाळू

मी कोलकाता सोडलं त्या दिवशी आईने गोडा मसाल्याचा डबा माझ्या बॅगेत कोंबला आणि बाबांनी कॅमेऱ्याच्या फिल्मची एक जुनी डबी माझ्या हातात ठेवली. तिच्यात चिमूटभर काळी वाळू होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. खिदिरपूरला घाटावर विसर्जन झालं की पाट रिकामा आणायचा नाही. नदीतली मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणायची, तिची आरती करायची आणि ती तांदळाच्या डब्यात टाकायची, ही आजोबा साताऱ्याहून इकडे आले तेव्हापासूनची रीत. "गेल्यावर आधी तिथली नदी बघ," बाबा टॅक्सीत म्हणाले. "गाव मग आपोआप कळेल." आई म्हणाली, "आधी पोटभर जेव. नदी कुठे पळून जात नाही." बेहाल्यातल्या आमच्या घरापासून विमानतळापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दोघांकडे एकदा जरी बघितलं असतं तरी मी विमानात बसले नसते.

बाबांचं नदीशी नातं नोकरीचं. बंदरात नदीची खोली मोजण्याचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. गंगा सतत गाळ हलवते, काल जिथून जहाज गेलं तिथे ते उद्या रुतेल, म्हणून लाँचवरून पुन्हापुन्हा मोजायचं. तळाचा गाळ बोटांत चोळून ते सांगायचे, हा वळणावरचा, हा मधल्या धारेतला. विसर्जनाच्या वाळूचीही अशीच तपासणी व्हायची. "ही पार बराकपूरकडून वाहत आलीय," ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "तिचा पासपोर्ट बघून झाला असेल तर आरती करू या का?"

तर मी जिथे आले ते हे गाव, फिनलंडमधलं ताम्पेरे. लहानपणीच्या सोबत्यांनो, तुमच्यापैकी जे बेहाल्यातच राहिले त्यांनी हे नाव ऐकलेलं नसेल, आणि जे माझ्यासारखे उठून कुठे कुठे गेले त्यांचं गावही बहुधा असंच असेल. वर एक मोठं तळं, खाली एक मोठं तळं आणि मधल्या उतारावरून धावत येणारी इवलीशी नदी. पण त्या उताराच्या जोरावर इथे सुताच्या, कागदाच्या, यंत्रांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. लाल विटांच्या, उंच धुराड्यांच्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा बराकपूरला जाताना लागणाऱ्या ज्यूट गिरण्या आठवल्या आणि मी नदीचे, गिरण्यांचे फोटो बाबांना पाठवले होते. इथल्या गिरण्यांत आता कॉफीची दुकानं आहेत, संग्रहालयं आहेत आणि ऑफिसं आहेत. अशाच एका जुन्या गिरणीत बसून मी लाकूड तोडणाऱ्या यंत्रांचे आराखडे काढते.

जानेवारीत दोन्ही तळी गोठतात. लोक त्यांवरून चालतात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून तासन्‌तास बसतात. मधली नदी मात्र थांबत नाही, तिच्यावर नुसती वाफ धरते. दुपारीच दिवे लागतात. पहिल्या हिवाळ्यात मला बेहाल्याच्या ऑटोत, दोन अनोळखी घामट खांद्यांच्या मध्ये चेपून बसावंसं वाटलं होतं. तुम्ही हसाल, पण खरंच वाटलं होतं.

माझ्या शेजारी एइला नावाच्या आजी राहतात. सुताच्या गिरणीत त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी रंगखात्यात जो रंग असेल त्या रंगाची नदी असायची, शाळेतून येताना पुलावरून बघायचं, आज निळी की लाल. मी हे ऐकलं, हसले आणि विसरले. बाबा दर फोनला विचारायचे, "तळ कसला आहे गं? काठाला पाणी मंद होतं का?" मी म्हणायचे, "छान आहे, बाबा." मी त्या नदीवरून रोज ट्रामने जात होते आणि मोबाइलमध्ये बघत होते.

तीन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे घाटाच्या पायऱ्या उतरेनात. मी एकुलती एक. गणपती माझ्याकडे द्यायचा की थांबवायचा, याचा त्यांनी वर्षभर विचार केला. मग एक दिवस म्हणाले, "तू कर. एकच सांगतो, वाहत्या पाण्यात सोड आणि पाट रिकामा आणू नकोस."

मी शाडूचा छोटा गणपती केला, उकडीचे मोदक केले, सगळं केलं. विसर्जनाला मात्र मला लाज वाटली. पाऊस होता, काठाला कठडे होते, कठड्यांशी छत्र्या घेऊन माणसं उभी होती, आणि मी पाट हातात घेऊन त्यांच्यामधून जाणार? मी न्हाणीघरात बादलीत विसर्जन केलं. त्यात काही वाईट नाही, पुष्कळजण करतात. वाईट ते पुढचं. बाबांनी फोनवर विचारलं, "वाळू आणलीस? कशी आहे?" मी म्हटलं, "काळी, बारीक. अगदी आपल्यासारखी." ते "बरं," म्हणाले. "डब्यात टाक." दुसऱ्या वर्षीही तेच विचारलं, मी तेच सांगितलं.

यंदा बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी ते आनंदाने म्हणाले, "आता सगळं लख्ख दिसतं. उद्या व्हिडिओवर वाळू दाखव."

बाजारात वाळूची पिशवी मिळते, हे माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण ती पिशवीतली वाळू मी बाबांसमोर कशी धरणार होते? मी एइलाआजींचं दार वाजवलं आणि नदीची वाळू कुठे मिळेल ते विचारलं. त्यांनी रबरी बूट चढवले आणि मला पार खाली, नदी तळ्याला मिळते तिथे घेऊन गेल्या. तिथे कठडा नव्हता. मी गुडघाभर पाण्यात उतरले, पाय बधिर झाले, आणि "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना माझे दात वाजत होते. एइलाआजी काठावर टोपी काढून उभ्या होत्या.

घरी येऊन पाट मोबाइलसमोर धरला. बेहाल्यात संध्याकाळ झाली होती, आई निरांजन घेऊन तयार होती. बाबा पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. माझ्या मुठीत आली होती ती भरड, तपकिरी वाळू, मध्ये लाल कण.

"हे लाल म्हणजे विटेची चुरी," ते म्हणाले. "जुन्या गिरण्यांची. उतार संपून पाणी मंद होतं तिथली आहे ही." मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे यंदा खरंच गेलीस."

मला रडू फुटलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"धावत्या पाण्यात काळा गाळ बसतो का कधी? मोजण्यात जन्म गेला माझा." आवाजात राग नव्हता. "पाणी फार गार होतं का गं?"

"फार."

"मग आधी पाय शेक. आरती आम्ही थांबवतो."

मी पाय शेकले. ती दोघं तिकडे निरांजन धरून थांबली होती. मग आरती झाली आणि मी फिल्मच्या डबीतली गंगेची वाळू काढून दोन्ही वाळू तांदळात टाकल्या. दुसऱ्या दिवशी भात खाताना दाताखाली कचकच लागली. घराची आठवण आली की मी हल्ली नदीवर जाते.