मेल पाठवल्यावर फोन करू नये

बोरी अरबच्या शाळेतल्या बाईंचा बदलीचा अर्ज आमच्याकडे आला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि "आला नाही" असं सांगितलं. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही, घरी बायकोलासुद्धा नाही.

यवतमाळला एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. पुसदपासून बाभुळगावपर्यंत संस्थेच्या शाळा आहेत आणि सगळ्यांचा मेल माझ्या टेबलामागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून जातो. काम अवघड नाही, पण माणूस चिडका होतो. कोणी पासवर्ड विसरतं आणि सर्व्हर बंद आहे म्हणून ओरडतं. सामाईक फोल्डरमध्ये जागा करायची म्हणून कोणी दुसऱ्याची फाइल उडवतं. सचिवांनी साधी सुट्टीची सूचना पाठवली की प्रत्येक शाळा सगळ्यांना "प्राप्त झाले, धन्यवाद" कळवते, मग त्या धन्यवादांनाही धन्यवाद येतात. शिवाय प्रत्येक मेलमागे एक फोन. आमच्याकडे मेल नुसता पाठवून जात नाही. "भाऊ, मेल टाकला, पाह्यजा बरं!" एवढं झालं की मगच तो गेला असं समजायचं.

एकदा दिवाळीनंतर सर्व्हर भरून बंद पडला. पाहतो तर निम्मी जागा शुभ सकाळच्या फुलांनी खाल्लेली. त्या रागात मी दोन गोष्टी केल्या. मोबाइलनं काढलेला फोटो जोडलेला मेल पुढं न जाता वेगळ्या कप्प्यात अडकून राहील, असा नियम लावला. आणि सचिवांची सही घेऊन सगळ्या शाळांना कळवलं की मेल पाठवल्यावर फोन करू नये.

आता आमच्या शाळांमध्ये अर्ज कसा जातो? हातानं लिहायचा, मुख्याध्यापकांचा गोल शिक्का मारायचा, टेबलावर ठेवून मोबाइलनं फोटो काढायचा आणि तो पाठवायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. अडकलेले मेल रोज बघू, असं मनाशी ठरवलं होतं. सुरुवातीला बघितलेही. मग कंटाळा आला.

तरी काही बिघडलं नाही, कारण त्या सूचनेला कोणी जुमानलंच नाही. फोन यायचे ते येतच राहिले आणि ज्याचा फोन येई त्याचा मेल मी सोडवून देई. सूचना पाळली ती फक्त बाईंनी.

त्या बोरी अरबला गणित शिकवायच्या. नवरा आणि दुसरीतली मुलगी पुसदला. शनिवारी शाळा सुटली की दारव्हा, दिग्रस करत एसटीनं जायचं, सोमवारी पहाटे निघून परत. पुसदच्या शाळेत जागा रिकामी झाली, अर्जाची मुदत होती ती संपली आणि जागा दुसऱ्या कोणाला गेली. तेव्हा बाई थेट कार्यालयात आल्या.

"मॅडम, मेल आलाच नाही, तं मी काय हवेतून काढू?" अर्ज बघणारे आमचे मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले.

"हा पाहा, माझ्याकडून गेलेला दिसते. मुदतीच्या आधी."

"गेला असन. पोचला नाही. मंग फोन काहून नाही केला? सारे करते."

"तुम्हीच तं कळवलं होतं, फोन करू नका म्हणून!"

"अशा सूचना पाळून राह्यले तं झालं मंग." बाबू हसले आणि माझ्याकडं वळले. "काय भाऊ, आलता काय मॅडमचा मेल?"

मी आत जाऊन कप्पा उघडला. मेल होता. सुरेख अक्षर, जरा तिरपा शिक्का, फोटोच्या कडेला बाईंच्या अंगठ्याचं टोक. मी बाहेर येऊन म्हणालो, "नाही. वाटेत कुठं अडकला असेल." मग परत आत गेलो आणि तो पुसून टाकला.

नोकरी जाईल अशी भीती नव्हती. सचिव फार तर रागावले असते, आणि अर्ज वेळेत आला होता म्हणून त्या जागेचा फेरविचारही झाला असता. ते बाबूंच्या देखत ऐकून घ्यायचं नव्हतं, एवढंच. तेवढ्यासाठी ती मुलगी आणखी एक वर्ष शनिवारची वाट बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी मी तो नियम काढला. फोनची बंदीही मागे घ्यायला लावली. आता एखादा मेल अडकलाच, तर पाठवणाऱ्याला लगेच साध्या मराठीत निरोप जातो, की तुमचा मेल थांबला आहे, सोडवायला असं करा. अडकलेले मेल मी सकाळी आल्या आल्या बघतो. हे आता चुकत नाही.

पुढच्या वर्षी पुसदची जागा पुन्हा निघाली. बाईंचा अर्ज आला तसा मी बाबूंच्या मागे उभा राहून तो उघडायला लावला आणि स्वतः फोन केला.

"मॅडम, अर्ज पोचला. बाबूंनी वाचला."

"अगबाई! बंदी उठली वाटते तुमची?" त्या हसल्या.

बदली झाली. परवा नवीन संगणक जोडायला पुसदच्या शाळेत गेलो होतो. शाळा सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत बाईंची मुलगी बाकावर पाय हलवत चित्र रंगवत होती आणि तिला आईला काहीतरी दाखवायची घाई झाली होती. बाईंनी चहा पुढं केला. म्हणाल्या, "सर, तुमचा फोन आला त्या दिवशी मले धड झोप लागली. लय उपकार झाले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, चहा चांगला झालाय.

मोठे बाबू अजूनही नव्या माणसाला ती गोष्ट हसत सांगतात, की एका मॅडमनं फोन नाही केला अन् बदली गेली. मी ऐकत बसतो. पण हे लिहायला बसलो म्हणजे जीभही रेटेल असं आता वाटतं. पुसदचं जोडणीचं काम अर्धं राहिलंय, सोमवारी पुन्हा जायचं आहे.

बाईंचं गेलेलं वर्ष मला परत करता येणार नाही. त्यांचा अर्ज वेळेत आला होता आणि तो मी पुसला, हे त्यांना तोंडावर आणि बाबूंना सगळ्या कार्यालयादेखत सांगणं माझ्याकडून बाकी आहे.