तिसऱ्या हाकेला उघडणारं घर

शाहूपुरीतल्या आमच्या कुरिअरच्या ऑफिसात रात्रपाळीला मी एकटाच बाइकवाला. पुण्याहून औषधांची गाडी संध्याकाळी उशिरा येते, आणि तिच्यातले बर्फात ठेवलेले डबे सकाळपर्यंत थांबत नाहीत. ते त्याच रात्री पोचवावे लागतात. दर पंधरवड्याला असा एक डबा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवर जायचा. मामींच्या इंजेक्शनचा. मामी माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्या घरच्या म्हाताऱ्यांना मी पहिल्याच खेपेला मामा म्हटलं, म्हणून त्या मामी झाल्या. त्यांचा आजार रक्ताचा होता. इंजेक्शन चुकलं की त्यांना उठून बसवत नसे, एवढंच मला ठाऊक.

रात्रीची डिलिव्हरी म्हणजे मोकळा रस्ता आणि गाडी हाणायची, असं लोकांना वाटतं. त्यांनी उसाच्या दिवसांत त्या रस्त्याला येऊन बघावं. मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि ड्रायव्हर खुशाल खाली बसून तंबाखू मळत असतो. मी गाडी कधी पळवली नाही. घरी दोन पोरी आहेत, आणि पडलो तर डब्याचं काय, हेही होतंच. वस्तीच्या अलीकडे इंजिन बंद करून मी गाडी ढकलत न्यायचो, नाहीतर कुत्री सगळ्यांना जागं करायची.

त्या घराला मोबाइलची रेंज नव्हती. डिलिव्हरीचा ओटीपी मामांच्या फोनवर यायचा तो संध्याकाळी ते डेअरीवर दूध घालायला गेले की. तो नंबर मामा पाठ करून ठेवत. मला मात्र दारात उभं राहून हाकच मारावी लागे, आणि इथंच माझं डोकं फिरायचं. पहिल्या हाकेला आत सामसूम. दुसऱ्या हाकेला खाट कुरकुरायची. तिसऱ्या हाकेला मामा "आलो, आलो" म्हणत कडी काढायचे.

एकदा कडाक्याच्या थंडीत मी वैतागलो. "मामा, जागं हाईसा तर ओ का देत न्हाईसा? हितं माझाच बर्फ झाला की."

"ही देऊ देत न्हाय," मामा ओशाळून म्हणाले. "हात धरून बसती."

सोप्यातल्या खाटेवरून मामी बोलल्या, "रातच्याला पयल्या हाकंला ओ देऊ नये, बाबा. ते वळखीच्या आवाजात बोलावतंय. ओ दिली की मानूस घिऊन जातंय."

"मामी, भुताला ओटीपी लागतो व्हय?"

त्या खोकला येईपर्यंत हसल्या. पुढच्या खेपेला मी तिन्ही हाका एका दमात मारल्या, तर आतून आवाज आला, "ही एकच झाली." मी मुकाट्यानं आणखी दोन मारल्या. स्वतःला धड उठता येत नाही अशी ती बाई, नवऱ्याला कुणी नेऊ नये म्हणून अंधारात त्याचा हात धरून बसायची.

मागच्या थंडीत एका रात्री असाच गेलो. धुकं दाट होतं, पण डबा वेळेत पोचला होता, बर्फही जसाच्या तसा. गाडी लावून मी हाक मारली, "मामा." दुसरीसाठी तोंड उघडतोय तोवर आतून ओ आली आणि दारही उघडलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मामींनी एकदाचा हात सोडला.

मग मामांच्या मागं नजर गेली. सोप्यात खाट नव्हती. खाटेच्या जागी जमिनीवर दिवा तेवत होता आणि भोवती पीठ पसरलेलं होतं.

"परवा गेली," मामा म्हणाले. "डेअरीवर जाणं झालं न्हाय. तुझा त्यो नंबर काय आलाय, ठावं न्हाय बघ."

हातातला डबा खाली टेकवला. मी उंबऱ्याजवळ खाली बसलो. मामांनी वाकून डब्याला हात लावला.

"गार हाय अजून. परत ने. कुनाच्या तरी बाईला हुईल."

नंबर मिळाला नाही तर डबा परत न्यायचा, असा आमचा नियमच आहे. मी डबा उचलला. तसंच निघून जाणं जमेना, म्हणून विचारलं, "मामा, आज पयल्याच हाकंला ओ दिलीसा?"

त्यांनी दिव्याची वात पुढं सारली.

"वळखीच्या आवाजात बोलावतंय, म्हणायची न्हवं ती? म्हटलं, तुझ्या आवाजात तीच आली आसंल."