दस्तगीर मिस्त्री आणि लांब नाकाची गाडी

दस्तगीर मिस्त्री गाडीच्या पत्र्याला पडलेला पोचा डोळे मिटून शोधायचे. पत्र्यावरून तळहात सावकाश फिरवत न्यायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हितं हाय." आपल्याला तिथे काहीच दिसायचं नाही. "डोळं फसवत्यात मास्तर, हात न्हाय फसवत," हे वर.

शाहूपुरीत त्यांची पत्र्याची शेड होती. मी तेव्हा हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. सत्तर-एकाहत्तर साल असेल. स्कूटरचं चेपलेलं मडगार्ड घेऊन गेलो. ते अर्ध्या तासात सरळ झालं, पण माझी नजर कोपऱ्यातल्या ताडपत्रीवर गेली होती. मिस्त्रींनी ती ओढली. खाली इटलीची, ठेंगणी, दोन दारांची गाडी. लांबच्या प्रवासाला दोघांनी ऐटीत निघावं म्हणून बनवलेली. अख्ख्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. एका जहागीरदारांनी ती हौसेनं आणली होती. ते वारल्यावर ती त्यांच्या मुलाकडे, अप्पासाहेबांकडे आली, आणि बैलगाडीला घासली म्हणून इथे.

"कशी हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाक फार लांब आहे. शेपटापर्यंत येईतो काढणाऱ्याचा कागद संपला असावा."

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. "पोरांना काय शिकवता वो तुम्ही? नाक लांब हाय म्हणून तर ती उभ्या जागी पळतीया की!"

झालं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी शेडवर हजर. मी म्हणायचो, दिवे घाबरल्यासारखे दिसतात. ते म्हणायचे, तुम्हीच घाबरलाय. एकदा त्यांनी नाकापासून शेपटापर्यंत सुतळी धरली. "दावा, रेघ कुठं तुटती?" मी म्हणालो, "तुटत नाही, पण दाराशी ढिली पडते." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

असे दोन महिने गेले आणि एका शनिवारी अप्पासाहेब आले. "पोचा निघाला न्हवं? आता मागचं टप कापा, उंच करा आणि बाक टाका. आईसाहेबांना जोतिबाला न्यायचंय, पोरं हायत. दोघांची गाडी घेऊन मी काय करू?"

"सरकार, रूप जाईल की."

"रूप काय चाटायचंय? सोमवारी येतो. त्या दिवशी कापायला घ्या."

माणूस वाईट नव्हता. त्याची अडचणही खरी होती. ते गेले तसे मिस्त्री गॅसकटरकडे बघत बसले. अप्पासाहेबांच्या घरच्या आणि भाऊबंदांच्या सगळ्या गाड्या मिस्त्रींकडेच येत.

"न्हाय म्हणा त्यांना," मी म्हणालो.

"मग दुसरा कोणतरी कापंल. आणि वाकडी कापंल." भिंतीकडे वळून ते म्हणाले, "मास्तर, कापल्यावर कशी दिसंल ते भिंतीवर काढता? खऱ्या मापात. पण मुद्दाम वंगाळ काढू नका. हुईल तशीच काढा."

रविवारी सकाळी खडू घेऊन गेलो. ते माप घेत होते, मी रेघ ओढत होतो. शेपूट उचललं, तर छप्पर उचलावं लागलं. छप्पर उचललं, तर पुढची काच उभी झाली. मग नाक उगाच लोंबू लागलं. सात वेळा पुसलं. संध्याकाळी हात पांढरेफटक झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्या रेघेला मी दोन महिने नावं ठेवत होतो, ती बोटभरसुद्धा हलवता येत नाही. मिस्त्रींनी माझं तोंड बघितलं. "कळलं न्हवं?" एवढंच म्हणाले.

सोमवारी अप्पासाहेब भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग वळून गाडीकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे.

"ही गाडी हाय का भाकऱ्यांची पेटी?" ते म्हणाले. "आईसाहेब ह्यात पायसुद्धा ठेवायच्या न्हाईत." मग गाडीच्या छपरावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. जोतिबाला जीपनं जाऊ."

मिस्त्रींनी फडक्यानं तोंड पुसलं, तर गालभर ग्रीस लागलं. मला हसू फुटलं, मग अप्पासाहेबांना, आणि शेवटी मिस्त्रींनाही. इतका मोकळा हसलेला तो माणूस मी पुन्हा कधी बघितला नाही.

"त्यांनी कापच म्हटलं असतं तर?" नंतर मी विचारलं.

"कापली असती. पोट हाय की. पण पुन्यांदा हातोडी धरली नसती."

मिस्त्री जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला अजून आठवतो तो पुढचा रविवार. अप्पासाहेबांनी त्यांना शेजारी बसवून पन्हाळ्याच्या रस्त्यानं फिरवून आणलं. इतके दिवस गाडी हाताखाली होती, पण चालत्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले होते. मी शेडपाशी वाट बघत होतो. उतरले ते गंभीर चेहऱ्यानं.

"कशी वाटली?"

"बसाय झ्याक हाय," ते म्हणाले. "पण आत बसल्यावर ती दिसतच न्हाय वो, मास्तर! बिचारं अप्पासाहेब. गाडी त्यांची, आणि बघायची चैन आपली."