ड्वेनने लावलेला नाट

बफेलो शहराला लागून असलेल्या चीकटोवागाच्या ड्वेन व्रोबेलच्या हातून आयुष्यात एकच पाप घडलं. सोळा सेकंद बाकी असताना तो "चला, जिंकलो!" म्हणाला.

दोन हजार सालचा जानेवारी होता. बफेलो बिल्स, म्हणजे तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, टेनेसीत प्लेऑफ म्हणजे बाद फेरी खेळत होते, एका गुणाने पुढेही होते, आणि सासरच्या सोफ्यावर बसलेल्या नव्या जावयाला राहवलं नाही. लगेच टेनेसीवाल्यांनी चेंडू आडवा फेकला आणि त्यांचा एक पठ्ठ्या पळत सुटला तो थेट शेवटच्या रेषेपार. बिल्स हरले. चेंडू आडवा होता की नियम मोडून पुढे फेकलेला, यावर बफेलोत अजून भांडणं होतात. ड्वेनच्या सासऱ्यांच्या, म्हाताऱ्या चेस्टर नोविकींच्या घरात मात्र वाद नव्हता. "ह्याने नाट लावला," म्हातारा म्हणाला आणि विषय संपला.

त्यानंतर बिल्स प्लेऑफला गेलेच नाहीत. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, मालकसुद्धा बदलले. नाट काही सुटेना. शेवटची मिनिटं आली की मेहुणा दाराकडे बोट दाखवायचा, "पनवती, बाहेर!" की ड्वेन कोट चढवून फावडं घ्यायचा आणि सासऱ्याच्या दारातला बर्फ उपसत राहायचा. बर्फ नसला तर नुसताच उभा. बिचारा आठवडाभर गावच्या रस्त्यांवर बर्फ काढायची गाडी चालवायचा, आणि रविवारी पुन्हा तेच! लोक हसायचे, तोही हसायचा. पण खरं सांगायचं तर मनातून त्याला ते पटलं होतं. म्हाताऱ्याने पंच्याऐंशी ओलांडली तेव्हापासून तर ड्वेनचा जीव खालीवर व्हायचा.

"रोझ, बिल्स प्लेऑफला पोचलेले न बघताच बाबा गेले तर? माझ्या तोंडामुळे?"

"तुझ्या तोंडात एवढी ताकद असती ना," त्याची बायको म्हणायची, "तर आपलं छप्पर कधीच दुरुस्त झालं असतं. किती वर्षं 'करतो, करतो' म्हणतोयस!"

दोन हजार सतराचा शेवटचा दिवस उजाडला. बिल्सनी मायामीला हरवून आपलं काम केलं. आता सिनसिनाटीने बाल्टिमोरला हरवलं तरच प्लेऑफ, आणि सिनसिनाटी मागे होतं. मिनिटभराचा खेळ उरलेला, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि अजून बारा यार्ड हवे. ड्वेन अर्थातच बाहेर होता, मिशीवर बर्फ घेऊन.

खिडकी वाजली. म्हातारा काचेवर बोटं आपटत होता. "आत ये!"

"नको बाबा! संपू दे आधी!"

"अरे गाढवा, संपलंच आहे ते! चार वर्षं लागोपाठ बिल्सना अंतिम सामना हरताना बघितलंय मी. हेही बघीन. पण तू बाहेर कुडकुडतोयस आणि मी इथे बसून बघतोय, हे आता पुरे. ये म्हणतो ना!"

"बाबा, काय करताय!" मेहुणा किंचाळला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःच उठून दार उघडलं.

ड्वेन बुटांसकट गालिच्यावर आला. रोझने ओरडायचं सोडून त्याचा हात धरला. तो डोळे मिटणार तोच म्हातारा डाफरला, "बघ!"

चेंडू उडाला. सिनसिनाटीच्या गड्याने तो झेलला, वळला आणि सुसाट सुटला. पार!

काय कल्ला झाला म्हणून सांगू! कोंबडीच्या विंग्जची परात उलटली, मेहुणा टेबलावर चढला. घड्याळ शून्यावर येईपर्यंत 'जिंकलो' हा शब्द मात्र कोणी काढला नाही. उगाच कशाला! ड्वेन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "बाबा, मी बघत होतो. बघत होतो, तरीसुद्धा झालं!"

"पनवती तू कधीच नव्हतास रे," म्हातारा त्याच्या ओल्या टोपीवर हात ठेवत म्हणाला. "हरल्यावर कोणावर तरी चिडावं लागतं. तू जवळ होतास."

पुढच्या रविवारी फ्लोरिडात प्लेऑफ झाली. ड्वेन शेवटपर्यंत सोफ्यावर, सासऱ्याला खेटून बसला होता. बिल्स हरले. सवयीने तो उठला आणि कोट शोधू लागला.

"कुठे निघालास?" म्हातारा म्हणाला. "बस खाली. विंग्ज गार होतायत."