नाल्याखालची पिल्लं

कस्तुराबाईंचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्यावरच निघालेला.

भाजे गावाच्या खालच्या अंगाला, नाला इंद्रायणीला मिळतो तिथं त्यांचं शेत. वय साठीपुढचं. लहानपणापासून नदीतले शिंपले काढून कालवण करणाऱ्या. तीन वर्षांपूर्वी वरची टेकडी प्लॉटिंगसाठी फोडली, मुरूम नाल्यात लोटला. तेव्हापासून त्यांच्या हाताला फक्त जुने, मोठे शिंपले लागायचे. पिल्लू एकही नाही. याचं कारण शोधायला मी तळेगावच्या कॉलेजातून तिथं जाऊ लागले.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही नदीच्या काठाशी जाळीच्या दोन टोपल्या बांधल्या, एक नाला मिळतो त्याच्या वरच्या बाजूला, एक खालच्या. वरच्या डोहातली नखाएवढी शंभर-शंभर पिल्लं त्यांत सोडली. रोज बघायचं काम कस्तुराबाईंनी घेतलं.

पंधराव्या दिवशी त्यांनी बोलावलं. गुडघाभर गढूळ पाण्यात खालची टोपली धरून त्या उभ्या होत्या.

"बाई, ही त्वांडच उघडंनात. उघडलं की गाळ आत. मिटून उपाशी मरत्यात. वरच्या टोपलीतली जित्ती हायती, हितली साठ गेली. ऱ्हायलेली वर सोडते."

"नको मावशी. महिना पुरा झाला नाही तर कॉलेजात पुरावा धरत नाहीत."

"मंजी डोळ्यांदेखत मरू द्यायची? मग त्यो मुरूम लोटनारा आन तुमी, फरक काय वो?"

मी चिडले. वर्षभराची मेहनत होती. पण त्या परवानगी मागतच नव्हत्या. चाळीस पिल्लं ओल्या पदरात घेऊन त्या वरच्या पाण्याकडे निघाल्याही.

मेलेली साठ त्यांनी प्लॉटिंगच्या ऑफिसात नेली. मी सोबत होते. मॅनेजर निलेश हसला. "मावशी, शिंपल्यांसाठी कुणी काम थांबवतं का?"

कस्तुराबाईंनी सगळी पिल्लं त्याच्या टेबलावर ओतली. "मी थांबवते."

मुरूम वाहणाऱ्या टिपरची वाट त्यांच्याच शेतातून जात होती. मुलगा कैलास त्याच कामावर सुपरवायझर, त्यानं तोंडी होकार दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून बसल्या.

"आई, माजी नोकरी जाईल," कैलास म्हणाला.

"जमीन माज्या नावावर हाय. मला कुनी इचारलं व्हतं?"

अकरा दिवस टिपर खोळंबले. शेवटी कंपनीनं उताराच्या पायथ्याशी दगडी बांध घातला आणि मुरूम नाल्यात टाकणं बंद केलं. कैलासची नोकरी गेली. तो बायकोला घेऊन लोणावळ्याला राहायला गेला. आईशी अजून बोलत नाही.

प्रयोग अर्धवट म्हणून माझा अहवाल कॉलेजातून परत आला. यंदा खालच्या पाण्यात दोघींनी दिवसभर शोधलं. सात पिल्लं सापडली. मी आनंदानं ओरडले.

कस्तुराबाईंनी तळात हात घातला. कोपरापर्यंत गाळ. मूठभर गाळ त्यांनी काठावर आपटला.

"सात! हितं पाय टाकाया जागा नसायची, इतकी असायची. ह्यो गाळ कोन काडनार? बोला की!"